पिंगळ्यांचे बिऱ्हाड

शहरातील एका सार्वजनिक उद्यानात, जुन्या आंब्याच्या ढोलीत, पिंगळ्यांच्या एका जोडप्याने बिऱ्हाड थाटले आहे. दिवेलागणीच्या सुमारास ही वीतभर उंचीची पाखरे फांदीवर एकमेकांस खेटून बसतात, मान वरखाली करीत येणाऱ्याजाणाऱ्यांस पिवळ्या डोळ्यांनी न्याहाळतात आणि काळोख दाटताच कर्कश कलकलाट करीत भक्ष्याच्या शोधार्थ निघतात. फिरावयास आलेली वृद्ध मंडळी व मुले हा सोहळा कौतुकाने पाहतात. आम्हीही तो पाहिला. उद्यानाचे नाव मात्र आम्ही हेतुतः देत नाही. त्याचे कारण लाजिरवाणे आहे.

लक्ष्मीचे वाहन म्हणून ज्याचा मान राखावा, त्याचाच दिवाळीत लक्ष्मीच्या प्राप्तीसाठी बळी देण्याची अघोरी चाल देशात अद्याप आहे. घुबडांच्या या चोरट्या व्यापारावर ‘ट्रॅफिक इंडिया’ने २०१० साली प्रकाश टाकला. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा व्यापार निषिद्ध असूनही तो चालतो. आणि हे अशा समाजात, की जेथे पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा या पक्ष्याची भाषा जाणतो, या श्रद्धेने लोक त्याच्या झोळीत धान्य घालीत.

परंतु सर्व दोष मांत्रिकांच्या माथी मारून सुशिक्षितांस सुटता येणार नाही. पिंगळा स्वतः झाड कोरीत नाही. जुन्या वृक्षाची आयती ढोली हाच त्याचा निवारा. त्याच्या विणीचा भर फेब्रुवारी ते एप्रिल, आणि पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची लगबगही त्याच सुमारास सुरू होते! पोकळ फांदी कोसळून कोणाचा जीव जाऊ नये, ही चिंता रास्तच आहे. धोक्याची फांदी अवश्य उतरवावी. परंतु ढोली दिसली की झाड सदोष ठरविणे, यास दक्षता म्हणता येत नाही. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन पन्नास वर्षांवरील वृक्षांस वारसा मानले गेले. मग त्या वारशातील वारसदारांचाही विचार नको काय?

दुसरा धोका उंदरांच्या विषाचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयातून फेब्रुवारी २०२३ मध्ये निसटलेले ‘फ्लॅको’ हे घुबड वर्षभर त्या महानगराचे लाडके होऊन राहिले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते मेले, तेव्हा शवचिकित्सेत कबुतरांपासून लागलेल्या विषाणूबरोबरच उंदीर मारण्याची चार प्रकारची विषे त्याच्या शरीरात आढळली. कौतुक करणाऱ्या शहरानेच नकळत त्याच्या ताटात विष कालविले होते. पिंगळाही कीटकांबरोबर उंदीर खातो. जो आपले काम फुकट करतो, त्यासच आपण विषारी उंदीर खाऊ घालावा, हा कोठला हिशेब?

आमची मागणी माफक आहे. महापालिकेच्या उद्यान खात्याने फांदी तोडण्यापूर्वी ढोली तपासावी, पिले असल्यास ती उडेपर्यंत थांबावे, आणि उद्यानात विषाऐवजी पिंजरे वापरावेत. नागरिकांनीही दुरूनच पाहावे. छायाचित्रासाठी डोळ्यांवर प्रखर झोत टाकू नये व ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून त्या जोडप्यास छळू नये. एवढे घडले, तर पुढील वर्षी उद्यानाचे नाव छापण्यास आम्हांस संकोच वाटणार नाही.