सीमोल्लंघन आणि गडावरचें मैदान

दसऱ्याच्या दिवशीं सकाळीं पाटीपूजन झालें, दुपारीं पंक्ती उठल्या, आणि संध्याकाळीं आपट्याचीं पानें देवापुढें ठेवून व वडील मंडळींच्या हातीं देऊन त्यांच्या पायां पडलें, कीं घरांतला सण पुरा झाला असें आपण समजतों. या दिवसाचा जो मुख्य विधि, सीमोल्लंघन, तो मात्र घराबाहेर पडल्याखेरीज सिद्ध होत नाहीं. गांवची शीव ओलांडावी, पलीकडच्या मोकळ्या जागेंत शमीची पूजा करावी, आणि तेथें जो भेटेल त्याच्या हातीं सोनें द्यावें, असा तो परिपाठ. सारांश, सणाला जसा दिवस लागतो तशी जागाहि लागते. आणि ती कोणा एकाच्या अंगणांतली असून चालत नाहीं. दिवस पंचांगानें राखला आहे. जागा कोणीं राखावयाची, हा प्रश्न या वेळीं आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

हा प्रश्न सुचण्यास निमित्त झालें तें बीड जिल्ह्यांतील नारायणगडाचें. नगद नारायण महाराजांचें हें स्थान वारकऱ्यांमध्यें धाकटी पंढरी म्हणून ओळखलें जातें, आणि आषाढी एकादशीस पंढरपूर गांठूं न शकणारे भाविक येथें दर्शनाला येतात. संत भगवानबाबा (१८९६–१९६५) यांचें वास्तव्य आधीं याच गडावर होतें. पुढें त्यांनीं पाथर्डी तालुक्यांत जो गड उभारला तो भगवानगड या नांवानें प्रसिद्ध आहे. म्हणजे हे दोन गड एकमेकांना परके नव्हेत. एकाच भक्तीचें पाणी दोन्हींकडे वाहत आलेलें आहे.

अलीकडे या परिसरांतील दसरा मेळाव्याचा दिवस झाला आहे. भगवानगडावरून राजकीय भाषण होऊं नये, अशी भूमिका तेथील महंतांनीं घेतल्यावर २०१६ सालीं पंकजा मुंडे यांचा मेळावा गडाच्या पायथ्याशीं झाला, आणि २०१७ पासून तो भगवानबाबांच्या जन्मगांवीं, सावरगांव घाट येथें भरूं लागला. मराठा आरक्षणाच्या चळवळीचे नेते मनोज जरांगे पाटील यांनीं १२ ऑक्टोबर २०२४ रोजीं आणि पुन्हां २ ऑक्टोबर २०२५ रोजीं नारायणगडावर दसरा मेळावा घेतला. दोन्ही ठिकाणीं दूरदूरच्या गांवांहून माणसें आलीं. कोणाच्या मागण्या रास्त आणि कोणाच्या नव्हेत, याचा निवाडा करण्याचें हें सदर नव्हे. आम्हांस बोलावयाचें आहे तें सणाविषयीं आणि जागेविषयीं.

माणसें जमतात म्हणून नाक मुरडणें तर आम्हां मराठवाड्यांतील लोकांना मुळींच शोभणार नाहीं. १९२९ सालीं निजाम सरकारनें त्रेपन्न क्रमांकाची गश्ती काढली, आणि पूर्वपरवानगीवांचून जाहीर सभा घेणें अशक्य करून टाकलें. त्या काळीं चार माणसांनीं उघड्यावर एकत्र बसून सार्वजनिक प्रश्न बोलणें हाच धीटपणा होता. १९३७ सालीं परतूर येथें महाराष्ट्र परिषदेचें पहिलें अधिवेशन भरलें, त्याचें मोल या पार्श्वभूमीवर समजून घ्यावें लागतें. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं तें राज्य संपलें, आणि तो दिवस आज मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळला जातो. शाळेंत झेंडावंदन झालें कीं मुलें सुटी मिळाली म्हणून आनंदानें घरीं येतात. मोकळ्या मैदानांत निर्भयपणें जमण्याचा हक्क ही त्या दिवसाची कमाई आहे, असें त्यांना कितीशा घरांत सांगितलें जातें?

तेव्हां गर्दी हा दोष नव्हे. चिंता आहे ती वेगळीच. एक गड या जातीचा आणि दुसरा त्या जातीचा, असें लहान मुलांच्याहि तोंडीं बसूं लागलें, तर तो त्या गडांचा व त्यांच्या संतांचा मोठाच पराभव होईल. पंढरपूरचें विठ्ठलमंदिर अस्पृश्यांस खुलें व्हावें म्हणून साने गुरुजींनीं १९४७ सालीं प्राण पणाला लावून उपोषण केलें. थोरल्या पंढरीचें दार ज्या न्यायानें उघडलें, तो न्याय धाकट्या पंढरीच्या मैदानासहि लागू आहे. जो दिवस शीव ओलांडण्याचा, त्याच दिवशीं नवी शीव आंखली जाऊं नये, इतकेंच आमचें म्हणणें आहे.

परंतु हें म्हणण्यापूर्वीं आपण आपल्या घराकडे पाहावें हें बरें. आपलीं सुशिक्षित ब्राह्मण घराणीं गडावर किती वेळां गेलीं? सोवळ्याओवळ्याच्या नांवाखालीं आपण वाड्याच्या दिंडी दरवाजालाच शीव मानून बसलों. पुढें शहरांत बिऱ्हाडें केलीं आणि उंबरठ्यालाच शीव समजूं लागलों. सण घरांत सुरक्षित राहिला, पण चारचौघांतून उठला. जी जागा आपण सोडून दिली तिच्यावर इतरांनीं आपला शिक्का मारला, अशी तक्रार करण्याचा अधिकार मग आपणांस कितपत राहतो? शीव आंखण्याचें काम आज कोणी करीत असेल, तर त्याचा पहिला धडा त्याला आपल्याच दारांत मिळाला असेल, हें कबूल करणें भाग आहे.

कोणी म्हणेल, वारसा राखण्यास कायदे आहेत. आहेत खरे. प्राचीन वास्तूंसाठीं केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा कायदा आहे. पण कायदा बहुधा दगड राखतो. दगडाभोंवतालची मोकळीक राखणें त्याला नेहमींच साधत नाहीं. फिलिपाइन्समधील मनिला शहरांत होसे रिझाल या देशभक्ताचें स्मारक आहे. स्पॅनिश सत्तेनें ३० डिसेंबर १८९६ रोजीं त्याला गोळ्या घालून ठार केलें, आणि तो दिवस तेथें राष्ट्रीय सुटीचा मानतात. स्मारक राखलें, दिवस राखला. पण पुतळ्यामागच्या मोकळ्या आकाशांत एक उत्तुंग इमारत उठूं लागली. लोक न्यायालयांत गेले, २०१५ सालीं बांधकाम थांबलेंहि. अखेर २०१७ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें स्थगिती उठविली, कारण स्मारकाच्या आवाराबाहेर अशा बांधकामास मनाई करणारा कायदाच नव्हता. आज पुतळ्याकडे पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आधीं ती इमारत भरते.

याच्या उलट उदाहरण मुंबईचें. १९२५ सालीं खुल्या झालेल्या माहीम पार्कास १९२७ सालीं अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून शिवाजी पार्क हें नांव मिळालें. तेथें क्रिकेट चालतें, सभाहि होतात, आणि शेजारीं घरेंहि आहेत. तंटे पुष्कळ झाले. पण २०१० सालीं उच्च न्यायालयानें तो भाग शांतता क्षेत्र ठरविला, आणि खेळाव्यतिरिक्त कार्यक्रमांसाठीं वर्षाचे ठरावीक दिवस नेमून देण्यांत आले. मैदान सर्वांचें राहावयाचें तर कोणाचा हक्क कोठें संपतो हें आधीं ठरलेलें असावें लागतें, एवढा बोध त्यांतून घेण्याजोगा आहे.

नारायणगडासारख्या ठिकाणीं अशी शिस्त घालून देणें हें गडाच्या महंतांचें, विश्वस्तांचें व भोंवतालच्या गांवकऱ्यांचें काम. दर्शनाची वाट कोणत्याहि सभेसाठीं अडूं नये. भजनकीर्तनाच्या वेळीं ध्वनिक्षेपक बंद असावेत. व्यासपीठावरून कोणत्याहि जातीची निंदा होऊं नये. आणि जो मैदान वापरील त्यानें तें झाडून, पाण्याची व्यवस्था पूर्ववत् करून परत द्यावें. हे नियम सर्वांना सारखे असले म्हणजे कोणासहि अपमान वाटण्याचें कारण उरत नाहीं.

आपल्याकडून होण्याजोगें आहे तें याहून सोपें. वर्षांतून एकदां तरी घरांतल्या लहानथोरांनीं मिळून गडावर जावें. वेगळी चूल व वेगळी पंगत न मांडतां जेथें सर्व बसतात तेथें बसावें, आणि निघतांना आपल्यापुरती जागा तरी स्वच्छ करावी. आपट्याच्या फांद्या ओरबाडून बाजारांतून भारे आणण्याऐवजीं एक पान पुरे मानावें. साधल्यास गांवाच्या शिवेवर एक आपटा आणि एक शमी लावून त्यांना पाणी घालण्याचें काम मुलांकडे सोंपवावें. आणि तें एक पान घरांतल्या वडिलांना देण्याआधीं शिवेपलीकडच्या अशा एखाद्या माणसाच्या हातीं द्यावें, कीं ज्याच्या घरीं आपण आजवर कधीं गेलों नाहीं.

तो तें घेईल, आणि आपलें पान आपल्या हातीं ठेवील. सीमोल्लंघन त्या क्षणीं झालें असें समजावें.