अंथरुणांतील अदृश्य सोबती

गेल्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील एक मुलगा सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं रोज शिंका देई व डोळे चोळीत बसे. रात्रीं जागरण केलें असावें असें समजून मी त्यास दोनदां रागें भरलों. पुढें त्याच्या वडिलांशीं गांठ पडली तेव्हां कळलें कीं, रात्रीं त्याचा श्वास कोंडतो व डॉक्टरांनीं औषधाबरोबर अंथरूण-पांघरूण धुण्यासही सांगितलें आहे. माझें बोलणें माझें मलाच लागलें. म्हणून हा विषय विद्यार्थी व पालक यांच्यापुढें ठेवीत आहें.

घरच्या धुळीनें शिंका व दमा बळावतो, हें लोकांस फार पूर्वीपासून ठाऊक होतें. परंतु त्या धुळींतील मुख्य दोषी कोण, हें हॉलंडांतील लायडेन येथील वोरहॉर्स्ट व स्पीक्समा या संशोधकांनीं १९६४ सालीं दाखविलें. तो आठ पायांचा, कोळ्याच्या जातकुळींतील, मिलिमीटरच्या सुमारें चौथ्या हिश्श्याएवढा जीव होय. ढेकणाप्रमाणें तो चावत नाहीं. आपल्या अंगावरून झडणारा कोंडा तो खातो व हवेंतील दमट अंश शोषून जगतो. त्याची विष्ठा श्वासावाटे आंत गेली म्हणजे कित्येकांस त्रास होतो.

आपल्याकडे घटस्थापनेपूर्वीं घरोघरच्या गोधड्या व वाकळा धुण्याची जुनी चाल आहे. ख्रिस्ती घरांतून हें काम बहुधा नाताळापूर्वीं होतें. पावसाच्या ओलीनें हे जीव वाढतात, तेव्हां पावसाळ्याअखेरची ही सफाई सर्वथा योग्यच आहे. परंतु वर्षांतून एक दिवस धुवून उरलेले दिवस स्वस्थ बसणें पुरेसें नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे.

यावर कोणी म्हणेल, पाणी कोठून आणावें? पैठणच्या धरणाचें पाणी आपल्या शहरास मिळतें खरें, पण वर्षानुवर्षें नळाची वाट पाहत हंडे भरून ठेवणें येथील गृहिणींच्या नशिबीं आलें. ही अडचण खोटी नव्हे. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावे, तसें पाणी पाहून धुणें काढावें. तोंडाशीं लागणारी उशीची खोळ व अंगाखालची चादर दर आठवड्यास धुवावी; त्यांस पाणी थोडें पुरतें. पाणी ६० अंशांपर्यंत कढत असल्यास हे जीव मरतात. गार पाण्यानें ते सारे मरत नाहींत, तरी विष्ठा पुष्कळशी वाहून जाते. कढत पाणी मात्र मोठ्यांनींच ओतावें. जाड गोधडी व गादी कडक उन्हांत चांगली सुकवावी, आणि आजारी मूल दूर असतां अंगणांत झटकावी. एवढ्यानें दमा बरा होईल असें मात्र कोणी समजूं नये; औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें चालूच ठेवावें.

शेवटीं एक गोष्ट मुलांस, विशेषतः मुलग्यांस, सांगावयाची आहे. तुमच्या आईनें भरलेल्या हंड्यांतून तुमचीच चादर तिनेंच धुवावी, असा नियम कोठेंही लिहिलेला नाहीं. शनिवारीं घरीं गेल्यावर आपली खोळ आपण काढावी, धुवावी व उन्हांत पसरावी. आणि आम्हां शिक्षकांनींही सकाळीं शिंकणाऱ्या मुलास रागें भरण्यापूर्वीं, तो रात्रीं नीट निजला काय, एवढें विचारावें.