या वेळी जेवण कुणाकडे?

काल रात्री तुमच्या शेजारच्या घरात काय शिजलं होतं, सांगता येईल? दोन वर्षांपूर्वी मला हा प्रश्न कुणी विचारला असता, तर मीही गप्पच बसले असते. कुकरच्या शिट्ट्या ऐकू यायच्या, फोडणीचा वास यायचा, पण त्या घरात शेवटचं जेवायला कधी बसलो होतो ते आठवत नव्हतं.

आणि मी राहते कुठे, तर भिलाईत! ज्या गावाला लोक कौतुकाने 'मिनी भारत' म्हणतात तिथे. 1955 मध्ये सोव्हिएत संघाबरोबर इथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला. 4 फेब्रुवारी 1959 ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. कामासाठी आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, बिहार, ओडिशातून माणसं आली, नागपूर-विदर्भातून आपली मराठी माणसंही आली. शेजारी कोण मिळणार, हे क्वार्टर कुठे मिळतं त्यावर ठरायचं. आई सांगते, तेव्हा भाजीची वाटी भिंतीवरून पलीकडे जायची आणि रिकामी वाटी कुणी परत पाठवायचं नाही.

आता मुलं पुणे, हैदराबाद, बंगळुरूला गेली. रिटायर झालेले क्वार्टर सोडून जातात. उरलेल्यांच्या घरी मोबाइलवरून जेवण मागवलं जातं. म्हणून आम्ही सहा घरांनी ठरवलं, महिन्यातून एकदा एकत्र जेवायचं. दरवेळी घर वेगळं आणि प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा.

नाव नवं, पद्धत जुनी

याला इंग्रजीत पॉटलक म्हणतात. पण आपल्याला हे काही नवीन नाही. आपापली शिदोरी एकत्र कालवून खायची तो गोपाळकाला. डबे उघडून गोल करून बसायचं ती अंगतपंगत. नंबर लावायची सवय तर भिशीने लावलेलीच आहे.

आईचं माहेर विदर्भातलं, त्यामुळे तिला आठवतात भुलाबाईची गाणी. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली संध्याकाळी घरोघरी जायच्या, गाणी म्हणायच्या आणि शेवटी झाकलेल्या डब्यात खिरापत काय आहे ते ओळखायच्या. डबा हलवून, वास घेऊन, गोड की तिखट असं विचारत. आमच्या जेवणातही आम्ही हा खेळ ठेवलाय. लहान मुलं मोबाइल बाजूला ठेवून डब्यांभोवती बसतात, यापेक्षा मोठं यश कोणतं?

पहिल्याच महिन्यात फजिती

मी उत्साहाने ग्रुपवर लिहिलं, "ज्याला जे जमेल ते आणा." झालं! दोन घरांतून खीर आली, एका घरातून शिरा आला, दोन घरांतून बटाट्याची भाजी आली. आमच्याकडे छोले होते. पोळी नाही, भात नाही. रात्री नऊ वाजता बाबा स्कूटर काढून पाव आणायला गेले.

दुसऱ्या महिन्यात वेगळीच गंमत. ज्यांच्याकडे जेवण होतं त्यांनी चार भाज्या, दोन गोड पदार्थ आणि हॉटेलमधून पनीर मागवलं. तिसऱ्या महिन्यात पुढच्या घराने त्याच्याही वर ताण केली. नवीन क्रोकरी आली, स्टार्टर आले. सगळ्यांनी फोटो काढले, वाहवा केली. आणि समोरच्या क्वार्टरमधल्या चाची यायच्या बंद झाल्या.

चाची छत्तीसगढीच आहेत. दोन खोल्यांत त्या आणि त्यांचा मुलगा राहतात. मुलाचं काम ठेकेदाराकडे, कधी असतं, कधी नसतं. "माझा नंबर पुढच्या महिन्यात ठेवा," असं त्या दोनदा म्हणाल्या. मग म्हणाल्या, गुडघे दुखतात. मला ते खरंच वाटलं. आईला नाही वाटलं. ती एका दुपारी त्यांच्याकडे जाऊन बसली आणि म्हणाली, "तुमच्या घरी नको ठेवूया, तुम्ही नुसत्या जेवायला या ना." चाची म्हणाल्या, "दीदी, दरवेळी खाऊन यायचं आणि आपण कुणाला बोलवायचं नाही, तो घास गळ्याखाली उतरत नाही."

आई घरी येऊन मला एवढंच म्हणाली, "जेवणाला माणसं कमी करायची असतील तर हॉटेलचं पनीर मागवत जा." मला लाज वाटली, कारण दुसऱ्या महिन्याच्या पनीरचे फोटो सगळ्यात जास्त मीच काढले होते.

मग आम्ही काय बदललं?

तुम्हीही असं काही सुरू करणार असाल, तर आमच्या चुकांमधून शिकून घ्या.

नंबर म्हणजे घर नव्हे. ज्याचा नंबर त्याने वरण-भात करायचा, सगळ्यांना बोलवायचं आणि बसण्याची सोय बघायची. ती सोय स्वतःच्या घरी, गच्चीवर, बागेत किंवा शेजाऱ्याच्या अंगणात, कुठेही चालेल. घर लहान आहे म्हणून कुणी मागे राहायला नको.

एका घराचा एकच पदार्थ. तोही घरात नेहमी होतो तोच. बाहेरून मागवलेलं नको. यजमानांनीही वरण-भाताच्या पुढे जायचं नाही. हा नियम सगळ्यात कडक पाळा, कारण चढाओढ इथूनच सुरू होते.

पदार्थांचेही नंबर लावा. आमची सहा घरं आहेत, म्हणून सहा कामं: वरण-भात, पोळी किंवा पुरी, रस्सा भाजी, सुकी भाजी, कोशिंबीर-चटणी आणि गोड. दर महिन्याला काम बदलतं. ग्रुपवर यादी आठ दिवस आधी टाका. दरवेळी पोळ्या एकाच बाईच्या गळ्यात पडत नाहीत.

अंदाज नीट ठेवा. आम्ही लहान-मोठे मिळून वीसजण असतो. पण म्हणून वीस जणांना पोटभर पुरेल एवढी भाजी करायची गरज नसते. ताटात सहा पदार्थ असले की प्रत्येक भाजी दोन-दोन चमचेच घेतली जाते. घरात एका वेळी करता त्याच्या दुप्पट-अडीचपट पुरते. पोळी-भाताचा अंदाज मात्र माणसं मोजून घ्या.

ताट-वाटी आपली आपण. प्रत्येकजण घरून ताट, वाटी, पेला आणतो आणि तसाच घेऊन जातो. यजमानांच्या ओट्यावर भांड्यांचा ढीग राहत नाही, क्रोकरी दाखवायचा प्रश्नही मिटतो. उरलेलं अन्नही तिथेच डब्यांत वाटून घ्या.

आधी विचारून घ्या. कोण शाकाहारी, कुणाचा उपवास, कुणाला शुगर, कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी, हे एकदा लिहून ठेवा. आमच्या बंगाली काकूंना माशाशिवाय जेवण अपुरं वाटतं, पण दोन घरं कांदा-लसूणही खात नाहीत. तेव्हा एकत्र जेवण शाकाहारी ठरलं. माशासाठी काकू वेगळं बोलावतात आणि आम्ही जातो!

उन्हाळ्यात सांभाळून. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. भात तर विशेष जपा. त्यातले काही जिवाणू शिजवूनही पूर्ण मरत नाहीत आणि भात गरम हवेत पडून राहिला की वाढतात. म्हणून भात शेवटी लावा, दही-कोशिंबीर वाढेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवा.

दिवस पक्का, वेळ पक्की. आमचा महिन्याचा दुसरा शनिवार ठरलेला. साडेसातला बसायचं, साडेनऊला उठायचं. कुणाची सेकंड शिफ्ट असली तर त्याचं ताट आधी वाढून, झाकून ठेवतो. एखाद्याला यायला जमलं नाही तर कारण विचारत बसत नाही.

घरातल्या पुरुषांनाही नंबर द्या. वर्षातून दोन जेवणं अशी ठेवलीत, की एरवी जो स्वयंपाक करत नाही त्याने पदार्थ करायचा. बाबांची पहिली कोशिंबीर इतकी खारट होती, की तेलुगू अंकल म्हणाले, "हे लोणचं छान झालंय." पुढच्या वेळी मात्र बाबांनी गाजर स्वतः किसलं, मीठही स्वतः चाखून घातलं.

आवळ्याखालची पंगत

नियम बदलल्यावर चाचींना सांगायला मीच गेले. मला वाटलं, त्या लगेच हो म्हणतील. पण त्या म्हणाल्या, "बघू." महिनाभर काही बोलल्या नाहीत. मग कार्तिक महिना आला. आपल्याकडे कार्तिकात आवळीभोजन असतं, आवळ्याच्या झाडाखाली बसून जेवायचं. छत्तीसगढमध्येही आंवला नवमीला बायका आवळ्याखाली जेवतात. चाचींच्या क्वार्टरमागे आवळ्याचं जुनं झाड आहे, ते आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यांनीच आईला विचारलं, "त्या झाडाखाली बसलं तर चालेल का?"

त्या शनिवारी आम्ही सतरंज्या घेऊन गेलो. त्यांच्या मुलाने तार ओढून एक बल्ब लावला होता. नियमाप्रमाणे वरण-भात होताच, पण चाचींनी नियम मोडून फरेही केले होते. तांदळाच्या पिठात शिजलेला भात मळायचा, लांबट वळ्या करून वाफवायच्या आणि वरून तीळ-मिरचीची फोडणी द्यायची. सोबत टोमॅटोची चटणी. जास्तीचा पदार्थ केला म्हणून कुणीच तक्रार केली नाही. परात रिकामी झाली आणि चाची सगळ्यांना "अजून घ्या, अजून घ्या" करत फिरत राहिल्या. गुडघ्यांचं नावही काढलं नाही.

त्यानंतर त्या प्रत्येक महिन्याला आल्या असं नाही. दोनदा चुकल्या. पण आता त्या "माझा नंबर पुढे ढकला" म्हणत नाहीत.

तुम्हाला सहा घरं जमवायची गरज नाही. येत्या शनिवारी एका शेजाऱ्याला विचारा, "तुमची भाजी, आमच्या पोळ्या, बसूया का?" आणि बोलवायची यादी करताना एक गोष्ट तपासून बघा. जे घर नेहमी "पुढच्या वेळी नक्की" म्हणतं, त्याला खरंच वेळ नाही, की आपण मांडलेल्या ताटाचीच त्याला भीती वाटते?