'बाइट द बुलेट' : वेदना कोणाची?

'बाइट द बुलेट' या इंग्रजी वाक्प्रचाराचा शब्दशः अर्थ 'बंदुकीची गोळी दातांत धरणे' असा आहे. टाळता न येणारे दुःख धैर्याने सोसणे, किंवा अप्रिय कृती मनाचा हिय्या करून पार पाडणे, या अर्थांनी तो रूढ आहे. मराठी भाषांतरात त्यासाठी 'कठोर निर्णय घेणे' हा पर्याय सरसकट योजणे मात्र समर्थनीय नाही.

भूल देण्याची सोय नव्हती तेव्हा शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णाच्या दातांत गोळी देत, अशी या वाक्प्रचाराची लोकप्रिय उपपत्ती आहे. परंतु फ्रान्सिस ग्रोसच्या बोलभाषेच्या कोशातील (आवृत्ती १७९६) नोंद वेगळे सांगते. फटक्यांची शिक्षा भोगताना ओरडणाऱ्या शिपायाला 'नाइटिंगेल' म्हणत. हा कमीपणा टाळण्यासाठी काही पलटणींतील शिपाई गोळी चावत. रडयार्ड किपलिंगच्या 'द लाइट दॅट फेल्ड' (१८९१) या कादंबरीत अंधत्व ओढवलेल्या नायकाला याच प्रतिमेने धीर दिला जातो. दोन्ही ठिकाणी गोळी चावणारा आणि वेदना भोगणारा एकच आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

मराठीतील 'दातओठ खाणे' प्रतिमेने जवळचे, पण त्यात संताप आहे. 'कडू घोट गिळणे' यात सोसणे आहे, निश्चय नाही. 'काळजावर दगड ठेवणे' यात मात्र दोन्ही आहेत : दुष्काळात दावणीचा बैल विकणारा शेतकरी निर्णयही घेतो आणि त्याची झळही सोसतो. त्याच्या कृतीला केवळ 'कठोर निर्णय' म्हटले, तर त्याचे दुःखच वगळले जाते.

याउलट, कामगारकपात करणाऱ्या व्यवस्थापनाने 'गोळी चावली' असे इंग्रजीत म्हटले जाते, तेव्हा कर्ता आणि भोक्ता यांची फारकत झालेली असते. फटके एकाला बसतात आणि धैर्याचे श्रेय दुसऱ्याला मिळते. येथे 'काळजावर दगड ठेवला' असे भाषांतर केल्यास मराठीही त्या श्रेयात सामील होईल. 'कठोर निर्णय' हाच शब्दप्रयोग येथे अधिक प्रामाणिक ठरतो.

तेव्हा पर्यायाची निवड ही केवळ शैलीची बाब नव्हे. वेदना कोणाच्या वाट्याला आली, याचा निवाडा भाषांतरकाराला आधी करावा लागतो. इंग्रजी-मराठी कोशांनीही एकच प्रतिशब्द न देता हा भेद उदाहरणांसह नोंदविणे अगत्याचे आहे.