बॅटरी बिचारी निर्दोष!

गेल्या दिवाळीत भाऊबिजेसाठी मी अंबड तालुक्यात ताईकडे गेलो होतो. फराळाचे ताट पुढे आले. पण घरात दिवाळीची कळा म्हणून दिसेना. अंगणात मोसंबीने भरलेली दाजींची जुनी डिझेल पिकअप उभी होती आणि जालन्याच्या वाटेला लागायचे नाव घेत नव्हती. किल्ली फिरवावी, तर नुसते ‘टक्’! माल तोडून दोन दिवस झालेले.

दाजींचा सारा राग भाच्यावर. “रात्री दिवे चालू ठेवून यानेच बॅटरी खाल्ली! आता गाडीला हात लावायचा नाही.” मिस्त्रीने नवी बॅटरी घातली होती, तरी रड तीच. आता सेल्फच बदला म्हणून त्याचा निरोप आला होता. भाचा बिचारा खाली मान घालून बसलेला.

मी जरा विचार केला. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. दाबलेली हवाच इतकी तापते की डिझेल आपोआप पेटते. तेव्हा डेल्को, कॉइल, प्लग ही पेट्रोलच्या गाडीतली मंडळी येथे नाहीतच. बॅटरीला मीटर लावला, तो 12.6 व्होल्ट! म्हणजे बॅटरी भरलेली. दिवेही लख्ख.

इतक्यात भाचा हळूच म्हणाला, “मामा, सेल्फ मारला की अ‍ॅक्सिलरेटरची तार गरम लागते.”

“तू गप्प बैस!” दाजी गरजले.

पण वाचकहो, साऱ्या दुखण्याचे निदान त्या एका वाक्यात होते. बॅटरीतून वीज तारेने सेल्फकडे जाते, पण परतते ती इंजिन आणि चेसिस यांच्या लोखंडातून. इंजिन बसलेले असते रबरावर. म्हणून दोहोंना जोडणारी एक जाड अर्थिंगची पट्टी असते. ती गंजली, की परतीची वीज सापडेल त्या वाटेने धावते. येथे तिला अ‍ॅक्सिलरेटरची तार सापडली होती!

मग दिवे कसे लागत? हिशेब सोपा आहे. गंजामुळे 0.02 ओहम एवढाच अडथळा आला असे धरा. दिव्यांची वीज चेसिसमधूनच बॅटरीकडे परतते, तिला ही पट्टी लागतच नाही. सेल्फ 200 अँपिअर मागतो. त्याचे तब्बल 4 व्होल्ट वाटेतच बुडतात.

गाडी न्यूट्रलवर घेतली, हँडब्रेक ओढला. जंपर वायरचे एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावले. भाच्याने किल्ली फिरवली मात्र, गाडी धडधडत उठली! मग ती बंद करून बॅटरीची मायनस तार आधी सोडवली, पट्टीचे बोल्ट काढले, गंज पॉलिश पेपरने घासला आणि सारे पुन्हा घट्ट आवळले. खर्च काय, तो एका पॉलिश पेपरचा.

दाजी काही बोलले नाहीत. त्यांनी किल्ली भाच्याच्या हाती दिली आणि स्वतः मुकाट्याने शेजारच्या बाकावर जाऊन बसले.

ताई हसून म्हणाली, “चला, भाऊबिजेची ओवाळणी पोचली!”