नगरच्या गल्ल्यांत सावित्रीमाईंची पाटी कधी लागणार?

अहमदनगरचे अहिल्यानगर झाले, ते २०२४ साली. मार्चमध्ये राज्य मंत्रिमंडळाने निर्णय घेतला, पुढे केंद्राने मंजुरी दिली आणि सरकारी पाट्या बदलल्या. नामांतर करणाऱ्यांच्या मनात काय होते, हा वेगळा विषय. चौंडीच्या लेकीचे नाव जिल्ह्याला मिळाले, याचा बहुजन समाजाला आनंदच आहे. पण याच शहरात आणखी एक बहुजन लेक शिकवायला शिकली. तिचे काय?

क्रांतिज्योती सावित्रीमाई फुले यांनी अध्यापनाचे शिक्षण नगरला मिस सिंथिया फरार यांच्याकडे घेतले. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ पासून नगरमध्ये ठाण मांडले होते. मिस फरार तिथे मुलींच्या शाळा चालवीत. १८६२ साली त्यांचा अंतही नगरलाच झाला. जोतीराव नगरला आले ते मित्र सदाशिवराव गोवंडे यांच्यामुळे. त्या शाळा पाहिल्या आणि १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा निघाली. मिशनऱ्यांना धर्मप्रसार करायचा होता, हे कोण नाकारतो? पण ज्या काळी इथल्या धर्ममार्तंडांच्या लेखी महार-मांगाच्या पोरीच्या हाती पाटी देणे म्हणजे पाप होते, त्या काळी नगरमध्ये ती पाटी दिली गेली, हे विसरणे कृतघ्नपणाचे ठरेल.

बाहेरून आलेल्या पाहुण्याला नगरकर काय दाखवतात? नेहरूंना कैदेत ठेवले तो भुईकोट किल्ला आणि डोंगरावरचा चांदबीबी महाल. (तो महालही चांदबीबीचा नाहीच, सलाबतखानाची कबर आहे!) जुन्या शहरातल्या ख्रिस्त गल्लीत आणि मिशनच्या आवारांत बायकांच्या शिक्षणाचा केवढा इतिहास पडून आहे, तिकडे किती जणांची पावले वळतात?

भिडेवाड्याचा अनुभव ताजा आहे. स्मारकासाठी वर्षानुवर्षे मोर्चे निघाले, कोर्टकचेऱ्या झाल्या. डिसेंबर २०२३ मध्ये जागा ताब्यात आली तेव्हा वाडा इतका खचलेला होता की तो पाडावाच लागला. आता स्मारक होईल, पण जिथे सावित्रीमाईंनी मुलींना अक्षरे गिरवायला लावली त्या भिंती परत येणार नाहीत. नगरमध्येही आपण भिंती पडायची वाट पाहणार का?

हे काम सरकारवर सोडून चालणार नाही. सिद्धार्थनगरपासून भिंगारपर्यंत वस्त्यावस्त्यांत १४ एप्रिलला वर्गणी निघते, मिरवणूक निघते. मिरवणूक जरूर निघावी! पण डीजेच्या भाड्यातले निम्मे पैसे बाजूला काढले तर विहारात पोरांसाठी अभ्यासिका उभी राहते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसांत बसून दहावीचा अभ्यास करणाऱ्या मुलीला एक दिवा, एक टेबल आणि रात्री दहापर्यंत उघडे दार हवे असते.

आपल्या शिकलेल्या तरुणांनी मिशनची जुनी दप्तरे आणि 'ज्ञानोदय'चे अंक चाळावेत. १८४२ साली हे पत्र नगरातूनच सुरू झाले. जुन्या गल्ल्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना भेटावे, कुठे कोणती शाळा भरत होती ते लिहून घ्यावे. आणि ते कागद घेऊन महानगरपालिकेच्या दारात जावे. येत्या ३ जानेवारीच्या आत मिस फरार आणि सावित्रीमाई या दोघींच्या नावाची पाटी जुन्या शहरात लागलीच पाहिजे, ही मागणी घेऊन किती मंडळे पुढे येतात ते पाहू.