आधी स्वतः लिहा, मग रायांना वाचा

पटकथालेखन शिकू पाहणारे तरुण नियमांची पुस्तकं पालथी घालतात. पण कसलेल्या दिग्दर्शकाची एकच पटकथा बारकाईने तपासली, तर त्याहून अधिक हाती लागतं. सत्यजित राय यांचा ‘चारुलता’ (१९६४) घ्या. रवींद्रनाथांच्या ‘नष्टनीड’वर आधारलेल्या या चित्रपटाच्या सुरुवातीला चारू भरतकाम करते, पुस्तक शोधते, खिडकीच्या झडपांतून दुर्बिणीने रस्ता न्याहाळते. वाचनात बुडालेला नवरा तिच्याजवळून निघून जातो, तेव्हा ती त्यालाही दुर्बिणीतूनच पाहते. संवाद जवळजवळ नाहीत, तरी तिचं एकटेपण पुरतं कळतं. निवेदन कृतीत कसं उतरतं, हे मूळ कथा शेजारी ठेवली की उमगतं.

अशाने नक्कलच होईल, असा आक्षेप घेतला जातो. नक्कल होते ती नुसतं भारावून वाचल्याने. दिग्दर्शक होण्यापूर्वी राय स्वतः, एखाद्या कथेवर चित्रपट येणार असं कळलं की आधी आपली पटकथा लिहीत आणि मग पडद्यावरच्या चित्रपटाशी ती ताडून पाहत. स्वतःचा निर्णय आधी झाला, की दुसऱ्याचा निर्णय दडपण आणत नाही, प्रश्न विचारतो. छापील पटकथा पुष्कळदा तयार चित्रपटावरून उतरवलेली असते, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. ‘पथेर पांचाली’साठी तर रायांनी रीतसर पटकथेऐवजी रेखाटनं आणि टिपणं वापरली. म्हणूनच मूळ साहित्य, पटकथा आणि चित्रपट एकत्र अभ्यासायला हवेत. आपल्या चित्रपट-प्रशिक्षण वर्गांनी हा सराव अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी आणावा.